थंड मातींतील परीक्षा

पौष महिन्यांत मटकीस मोड आणावयाचे असले म्हणजे काय करावें, हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. भिजवून निथळलेली मटकी फडक्यांत घट्ट बांधावयाची, वर जाड पंचा गुंडाळावयाचा आणि ती पुरचुंडी स्वयंपाकघरांतील उबेच्या कोपऱ्यांत ठेवावयाची. वैशाखांत जें काम एका रात्रींत होतें त्यास पौषांत दोन रात्री लागतात; आणि ऊब मिळाली नाहीं तर मोडांऐवजीं आंबूस वास तेवढा येतो. स्वयंपाकघरांतील हें ज्ञान शेतांत पोंचण्यास आमच्या घरच्या पुरुषमंडळींना एक पेरणी गमवावी लागली. ती हकीकत सांगून, तिच्या निमित्तानें मका ह्या धान्याची थोडी कुळकथा आज वाचकांपुढें ठेवावी असा आमचा विचार आहे.

आमचे धाकटे बंधु निफाड तालुक्यांत वडिलार्जित शेती पाहतात. नाशिक जिल्ह्यांतील हा भाग थंडीकरितां प्रसिद्ध आहे. तेथील पारा पांच अंशांच्याही खालीं उतरल्याच्या वार्ता हिंवाळ्यांत वर्तमानपत्रांतून येत असतात. बंधूंचे थोरले चिरंजीव दोन वर्षांपूर्वीं पुण्यांतील नोकरी सोडून शेतावर गेले. शहरांत उकडून विकला जाणारा गोड मका लावावा, आणि लवकर लावला म्हणजे बाजारांत आपलाच माल पहिला जाईल, असा हिशेब करून त्यांनीं डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत दीड एकरांत बीं टोकलें व लागलीच पाटाचें पाणी दिलें. बियाणें महागाचें होतें. पाकिटावर उगवणशक्ति शेंकडा नव्वद अशी छापलेली होती. तीन आठवड्यांनीं पाहतात तों शंभर जागीं तीस-पस्तीस कोंब, आणि तेही पिवळे.

"अण्णा, बियाणें बनावट निघालें, दुकानदारावर तक्रार करावी, असें चिरंजीव म्हणतात. मी म्हणतों, नोकरी सोडून शेतीचा खेळ मांडला कीं असेंच व्हावयाचें. आपण येऊन काय तें ठरवावें," असा बंधूंचा निरोप आला. आम्ही गेलों तेव्हां बापलेकांचें बोलणें बंद होतें, आणि मुलानें पुण्यास परत जावें कीं काय इथवर गोष्ट आली होती.

आम्ही शेतकरी नव्हों. आयुष्यभर शाळेंत संस्कृत शिकविलें. पण परीक्षा घेण्याची संवय जुनी. पाकिटांत उरलेल्या बियांतले पन्नास दाणे मोजून आम्हीं भावजयबाईंच्या हवालीं केले. त्यांनीं ते ओल्या फडक्यांत बांधून मटकीच्या पुरचुंडीशेजारीं ठेवले. पांचव्या दिवशीं गांठ सोडली तों शेचाळीस दाण्यांस मोड! म्हणजे बियाणें बनावट नव्हतें, दुकानदार लबाड नव्हता. मग तेंच बीं शेतांत कां कुजलें? पुतण्यानें आणलेली उष्णतामापक नळी आम्हीं पहांटे शेतांत बोटभर खोल रोवून पाहिली. पारा बारा अंशांवर होता. पुढील कित्येक दिवस ह्या कोड्यानें आम्हांस वाचनास लाविलें, आणि त्यांतून जें हातीं आलें तें पुढें देत आहों.

छांदोग्य उपनिषदांत उद्दालक आपल्या मुलाकडून वडाचें बीं फोडवितो आणि आंत काय दिसतें म्हणून विचारतो. श्वेतकेतु कांहींच दिसत नाहीं म्हणून सांगतो. आजच्या शास्त्रज्ञांस मात्र त्या न दिसणाऱ्या जागीं पुष्कळ कांहीं दिसूं लागलें आहे. मक्याचा दाणा म्हणजे एका बाजूस चिमुकला गर्भ, त्याच्या पाठीशीं पिठाची शिदोरी, आणि दोहोंवर आईच्या अंगाचें पातळ कवच. दाणा जमिनींत पडला कीं तो प्रथम पाणी शोषतो. आपल्या वजनाच्या सुमारें तीस टक्के पाणी आंत गेलें म्हणजे गर्भ जागा होतो, आधीं मूळ बाहेर पडतें व मागाहून कोंब वर निघतो. ह्यांतील पहिला दीड-दोन दिवसांचा काळ सर्वांत नाजुक. गर्भांतील प्रत्येक पेशीभोंवतीं स्निग्ध द्रव्याचा एक अतिसूक्ष्म पापुद्रा असतो. कोरडेपणीं तो विसकटलेला असतो, आणि पाणी आंत येतांना त्यास पुन्हां नीट बसावें लागतें. ऊब असेल तर तो लवचिक राहून चटकन् बसतो. पाणी व माती थंड असतील तर तो थिजलेल्या तुपासारखा ताठर होतो, जागोजाग फाटतो, आणि पेशींतील साखर व क्षार बाहेर झिरपूं लागतात. ह्या गोड पाझराचा वास लागल्याप्रमाणें ओल्या मातींतल्या बुरशा धांवून येतात. त्यांत पिथियम नांवाची बुरशी मुख्य. थंड व चिखलट जमीन तिला फार मानवते. गर्भ थंडीनें सुस्तावलेला, शत्रु मात्र तरतरीत, अशी ही विषम लढाई असते.

दहा अंश सेंटिग्रेडच्या खालीं मका बहुधा उगवतच नाहीं; तीस अंशांच्या आसपास तो सर्वांत जलद उगवतो. मधल्या पायऱ्यांवर वेळेचा हिशेब पालटत जातो. उबदार मातींत आठवड्याच्या आंत वर येणारा कोंब दहा-बारा अंशांच्या मातींत तीन आठवडे घेतो, आणि तितके दिवस तो बुरशीच्या तोंडीं राहतो. बाहेर आला तरी सुटका नाहीं. थंड हवेंत पानाचें हिरवें द्रव्य नीट बनत नाहीं, म्हणून तीं पानें पिवळीं दिसतात. मुळांस स्फुरद उचलतां येत नाहीं, म्हणून कडा जांभळ्या होतात. एक गोष्ट मात्र निसर्गानें बरी केली आहे. पांच-सहा पानें होईपर्यंत मक्याचा वाढता शेंडा जमिनीखालीं सुरक्षित असतो, त्यामुळें हिंवानें वरचीं पानें करपलीं तरी रोप पुन्हां फुटूं शकतें.

थंडीचें एवढें वांकडें कां, ह्याचें उत्तर मक्याच्या माहेरांत आहे. आमच्या प्राचीन कृषिग्रंथांत ह्या धान्याचें वर्णन नाहीं, कारण तें कोलंबसानंतर अमेरिकेंतून इकडे आलें. त्याचें मूळ मेक्सिकोच्या दक्षिणेकडील बाल्सास नदीच्या उष्ण खोऱ्यांत. तेथील तेओसिंते नांवाच्या रानगवतापासून सुमारें नऊ हजार वर्षांपूर्वीं माणसांनीं मका घडविला. अशा उष्णदेशीय धान्यास उत्तरेच्या बर्फाळ मुलुखांत नेणें हें काम एका पिढीचें नव्हतें. ज्या झाडांचीं कणसें हिंव पडण्यापूर्वीं पिकलीं त्यांचेंच बीं पुढच्या वर्षीं पेरावयास उरलें. ज्या दाण्यांनीं थंड मातींत दम धरला त्यांचाच वंश चालला. शतकानुशतकें असें घडत घडत उत्तर अमेरिकेच्या आदिवासी जमातींपाशीं एक निराळाच मका तयार झाला. कणसावर बहुधा आठच ओळी, दाणा गारगोटीसारखा कठीण, झाड बुटकें, आणि पीक थोड्या दिवसांत हातीं येणारें. ह्यास 'नॉर्दर्न फ्लिंट' म्हणतात.

हें काम कोणीं केलें? बहुतांशीं स्त्रियांनीं. मिसूरी नदीच्या वरच्या खोऱ्यांत हिदात्सा नांवाची जमात होती. तिच्यांतील एका वृद्ध स्त्रीनें सांगितलेली शेतीची सारी हकीकत गिल्बर्ट विल्सन ह्यांनीं लिहून घेऊन १९१७ सालीं प्रसिद्ध केली. इंग्रजींत त्या बाईंचें नांव बफेलो बर्ड वुमन असें दिलेलें आहे. मका केव्हां पेरावा हें त्या पंचांगावरून ठरवीत नसत. रानांतल्या गूजबेरीच्या झुडपास पालवी फुटली कीं माती पुरेशी उबली असें त्या समजत. बियांकरितां निवडक कणसें राखून ठेवीत, आणि त्यांतलेही दोन्ही टोकांकडचे दाणे टाकून मधलेच दाणे घेत. आमच्या कृषिपराशरांत माघ-फाल्गुनांत बीं गोळा करून उन्हांत नीट वाळवावें असें सांगितलें आहे. त्या वचनाचा कर्ता आणि मिसूरीकांठची ही आजीबाई एकमेकांस ओळखीचीं वाटलीं असतीं. ज्यांचीं नांवें कोठेंही नोंदलेलीं नाहींत अशा शेंकडों आजीबाईंच्या चोखंदळ बोटांनीं थंडी सोसणारा मका घडविला, हें विसरतां कामा नये.

अमेरिकेच्या दक्षिण भागांत मात्र दुसरा मका होता. कणीस मोठें, ओळी पुष्कळ, दाणा मऊ व माथ्यावर खळी पडलेला. म्हणून त्यास 'डेंट' म्हणतात. पीक भरघोस, पण थंडीस भित्रें. ह्या दोघांचा सोयरसंबंध जुळला तो एका फसलेल्या पेरणीमुळें. रॉबर्ट रीड नांवाचा शेतकरी १८४६ सालीं ओहायो प्रांतांतून इलिनॉय प्रांतांत राहावयास गेला. बरोबर नेलेला डेंट जातीचा मका त्यानें उशिरां पेरला. कणसें पुरतीं पिकलीं नाहींत. तेंच कोवळें बीं १८४७ सालीं पेरलें, तेव्हां शेतांत जागोजाग खाडे पडले. आमचे शेतकरी करतात तेंच रीडनें केलें, म्हणजे नांग्या भरल्या. त्याकरितां हाताशीं होता तो लवकर येणारा पिवळा फ्लिंट मका. तुरे आले, वाऱ्यानें पराग उडाले आणि दोन्ही कुळांचा संकर झाला. त्याचा मुलगा जेम्स ह्यानें वर्षानुवर्षें त्यांतून निवड केली. त्या पिवळ्या मक्यास १८९३ सालच्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनांत बक्षीस मिळालें, आणि पुढें तो मध्य अमेरिकन संस्थानांत सर्वत्र पसरला. आजच्या संकरित मक्याच्या पूर्वजांत त्याचा वाटा मोठा आहे. न उगवलेल्या दाण्यांच्या रिकाम्या जागांनीं जगाचें धान्य वाढविलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

उगवण हा मुद्दा किती मोलाचा आहे हें आयोवा प्रांतांतील शेतकीचे अध्यापक पेरी होल्डन ह्यांनीं ओळखलें. १९०४ सालीं त्यांनीं आगगाडीच्या डब्यांतून व्याख्यानें देत गांवोगांव फिरण्याचा उपक्रम केला. त्यांचा उपदेश साधा होता. बियांकरितां ठेवलेल्या प्रत्येक कणसाचे सहा दाणे काढा, ओल्या लांकडी भुशाच्या पेटींत आंखलेल्या चौकोनांत क्रमांकवार रुजत घाला, आणि ज्या कणसाचे दाणे नीट उगवणार नाहींत तें कणीस गुरांपुढें टाका. शाळेंतल्या मुलांनीं घरचीं कणसें आणून ही परीक्षा वर्गांत करावी असा प्रघात तेथें पडला. असा पाठ आमच्या शाळेंत घेण्याची बुद्धि आम्हांस झाली नाहीं, ह्याची खंत हें वाचतांना वाटली.

परंतु ह्या परीक्षेंतही एक उणीव होती, आणि तीच आमच्या बंधूंच्या शेतांत बाधली. उबदार वर्गांत उगवणारा दाणा गारठलेल्या चिखलांत उगवेलच असें नाहीं. म्हणून पुढें बीजपरीक्षकांनीं 'थंडीची परीक्षा' काढली. मक्याच्याच शेतांतली, म्हणजे बुरशा असलेली, ओली माती घ्यावयाची; तींत दाणे पेरून सात दिवस दहा अंशांवर ठेवावयाचे; मग पंचवीस अंशांच्या उबेंत आणून किती कोंब वर येतात तें मोजावयाचें. उबेच्या परीक्षेंत पंचाण्णव गुण मिळविणारीं दोन बियाणीं ह्या परीक्षेंत ऐंशी आणि चाळीस अशीं अलग पडूं शकतात. पहिल्या परीक्षेंत कळते ती उगवणशक्ति, दुसरींत कळतो तो जोम. पाकिटावर छापलेला आंकडा पहिल्या परीक्षेचा असतो. गुणपत्रिकेवर अव्वल असलेलीं आमचीं कित्येक मुलें संसाराच्या थंडीवाऱ्यांत कोमेजलेलीं आणि कशीबशी पास झालेलीं ताठ उभीं राहिलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. त्यामुळें हा भेद आम्हांस लगेच पटला.

हा जोम बियांत आणावयाचा कसा? येथें वाणसुधारणेचें खरें काम सुरू होतें, आणि तें फार चिकाटीचें आहे. थंडी सोसण्याचा गुण एकाच वंशबीजावर अवलंबून नसतो. पुष्कळ लहान लहान गुणांची ती बेरीज असते. थंड मातींत रुजण्याची शक्ति निराळी, थंड हवेंत पान हिरवें ठेवण्याची शक्ति निराळी. एक असली म्हणून दुसरी असतेच असें नाहीं. शिवाय दाण्याचें कवच हें आईचें. तें चिरलेलें असलें, किंवा कणीस ओलें असतांनाच हिंव पडलें, किंवा तें फार कडक आंचेवर वाळविलें, तर कुळ कितीही उत्तम असलें तरी दाणा थंडींत हार खातो. म्हणून संशोधक शेंकडों कुळें थंड कोठडींत रुजवितात, तगलेल्यांचा आपसांत संकर करितात, त्यांची प्रजा पुन्हां थंडींत घालतात, आणि हें चक्र पिढ्यान्‌पिढ्या चालवितात. लवकर पिकणाऱ्या वाणाचें पीक बहुधा कमी येतें, ही अडचण त्यांतच असते. थंडी हवी तेवढी सोसावी आणि कणीसही भरावें, हा मेळ घालणें हेंच ह्या विद्येचें मर्म होय.

हा मेळ फ्रान्स देशांत उत्तम साधला. दक्षिणेकडील लाकोन ह्या डोंगराळ भागांत शेतकऱ्यांनीं पिढीजात राखलेला एक फ्लिंट मका होता. तेथील सरकारी कृषिसंशोधन संस्थेनें त्यांतून शुद्ध कुळें निवडलीं, अमेरिकन डेंट कुळांशीं त्यांचा संकर केला, आणि १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस नवे वाण शेतकऱ्यांच्या हातीं दिले. त्यामुळें मका लोआर नदी ओलांडून उत्तर फ्रान्समध्यें गेला. आज जर्मनी, हॉलंड व डेन्मार्कपर्यंत गुरांच्या चाऱ्याकरितां तो पिकतो. फ्लिंट कुळानें थंडींतली उगवण दिली, डेंट कुळानें भर दिला. रीडच्या शेतांत जें योगायोगानें घडलें तेंच येथें बुद्ध्या घडविलें गेलें.

ह्याच्या उलट चित्र त्याच सुमारास रशियांत दिसलें. तेथील सत्ताधीश ख्रुश्चेव्ह ह्यांस मक्याचें विलक्षण वेड लागलें. १९५९ सालीं ते स्वतः आयोवांतील रॉसवेल गार्स्ट ह्या शेतकऱ्याचें शेत पाहून आले. १९५३ सालीं सोव्हिएट देशांत सुमारें पस्तीस लाख हेक्टरांवर असलेला मका त्यांच्या आज्ञेनें १९६२ पर्यंत तीन कोटि सत्तर लाख हेक्टरांवर गेला. आयोवाचें अक्षांश कोठें आणि उत्तर रशियाचें कोठें, ह्याचा विवेक राहिला नाहीं. जेथें माती जूनपर्यंत थंड व सप्टेंबरांत पुन्हां हिंव, तेथेंही हुकुमानें मका पेरला गेला. यंत्रें अपुरीं, खतें अपुरीं, योग्य बियाणेंही अपुरें. त्यांत १९६२ चा उन्हाळा थंड व पावसाळी निघाला. पुष्कळ ठिकाणीं पीक हातीं आलें नाहीं, आणि १९६४ च्या आक्टोबरांत ख्रुश्चेव्ह ह्यांस पदच्युत व्हावें लागलें, त्याच्या कारणांत शेतीचें हें अपयशही होतें. बियांस हुकूम कळत नाहीं; त्यांस माती कळते.

आपल्या देशांतही थंडीचा प्रश्न अगदींच परका नाहीं. बिहारांत हिंवाळी मका मोठ्या प्रमाणावर होतो. तेथील शेतकरी आक्टोबर-नोव्हेंबरांत, माती उबदार असतांनाच पेरणी उरकतात, म्हणजे नाजुक उगवण उबेंत पार पडते व पुढची थंडी रोप सोसतें. उगवण थंडींत गांठावयाची नाहीं, ही त्या रीतीची खुबी.

आतां निफाडचा दोष सांगतां येतो. पुतण्यानें लाविलेला मका अतिगोड जातीचा. १९५३ सालीं इलिनॉय विद्यापीठांतील जॉन लॉनन ह्यांनीं अशा मक्याचें महत्त्व दाखवून दिलें. ह्याच्या दाण्यांत साखरेचें पीठ व्हावयाचें तें पुरतें होत नाहीं, म्हणूनच तो खाण्यास इतका गोड. आणि म्हणूनच वाळल्यावर दाणा सुरकुततो, गर्भाची शिदोरी तुटपुंजी राहते, कवच लवकर चिरतें, आणि पाणी लागतांच साखर भराभर बाहेर पाझरते. सर्व मक्यांत थंडीस भिणारा हा मका, सर्वांत थंड पंधरवड्यांत, भारी काळ्या जमिनींत, टोकल्याबरोबर रात्रीच्या गार पाण्यांत बुडविला गेला. दोष बियांचा नव्हता, दुकानदाराचा नव्हता, आणि नोकरी सोडण्याचा तर मुळींच नव्हता.

हें सर्व आम्हीं जेवणाच्या पंक्तींत दोघांनाही समजावून सांगितलें. बंधु गप्प राहिले. भावजयबाई मात्र वाढतां वाढतां म्हणाल्या, "मटकीला मी पंचा गुंडाळतें भावोजी, शेताला कोण गुंडाळणार? ऊन्ह तापेपर्यंत थांबावयास हवें होतें." आमचें आठ दिवसांचें वाचन त्या माउलीनें एका वाक्यांत उरकलें.

तक्रारीचा अर्ज फाडला गेला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत नळींतील पारा पहांटे अठरा अंशांवर गेल्यावर पुतण्यानें आधीं शेत भिजविलें, वाफसा येऊं दिला, आणि मग बीं टोकलें; उगवून येईपर्यंत पुन्हां पाणी दिलें नाहीं. सातव्या दिवशीं तासें भरून आलीं. नांग्या भरण्यास पाकिटाचा पाव हिस्साही लागला नाहीं. माल बाजारांत पहिला गेला नाहीं आणि भाव बेताचाच मिळाला, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु पहिल्या तोड्याचीं कणसें घेऊन बापलेक एकाच गाडींतून आमच्या घरीं आले, आणि वाटेंत पुढच्या हंगामाबद्दल त्यांचा वाद झाला होता. वाद झाला म्हणजे बोलणें सुरू झालें, एवढें आम्हांस पुरें होतें. ती उष्णतामापक नळी आतां बंधूंच्या देवघराशेजारच्या खुंटीला पंचांगाजवळ टांगलेली असते, आणि पेरणीपूर्वीं दोन्ही पाहिल्यावांचून ते बियाण्याचें पाकीट फोडीत नाहींत.